वसाहतकालीन नाणेसंग्रहाचा आरंभ : अर्नाळा परिसराच्या संदर्भात

अर्नाळ्याचा जलदुर्ग १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला व तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांच्या ताब्यात गेला. उत्तर कोकणातील अशा सत्तांतरांच्या अभ्यासास बुजरूक, शिवराई, कंपनीचा पैसा ही अल्पमूल्य नाणी उपयुक्त ठरतात. नवोदित संग्राहकाने मुंबई इलाख्याच्या १७९१ च्या तांब्याच्या पैशापासून आरंभ करावा. बर्मिंगहॅम येथे यंत्रावर पाडलेल्या या नाण्याच्या एका बाजूस कंपनीची व्यापारी खूण व वर्ष, तर दुसऱ्या बाजूस तराजू व 'अदल' म्हणजे न्याय हा शब्द असल्याने त्याची ओळख सहज पटते. नाणे घासू नये. प्राप्तिस्थान, वजन व व्यास नोंदवावेत. भूमीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची सूचना १८७८ च्या अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. प्राप्तिस्थानाची नोंद नसल्यास नाणे कोणत्या बाजारपेठेत फिरले, हा इतिहासाचा प्रश्न अनुत्तरित राहतो.