तोफेच्या चाकासाठी : मुंबई-आग्रा रस्त्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

निफाड तालुक्यात ‘आग्रा रोड’ म्हटले की ओझर, पिंपळगाव बसवंत आणि द्राक्षांनी भरलेले ट्रक आठवतात. काळ्या सपाट जमिनीतला हा रस्ता डोंगरी लष्करी मार्ग म्हणून अभ्यासायचा, याचे नव्या अभ्यासकाला नवल वाटेल. नकाशा उघडावा. एका अंगाला थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, सह्याद्री चढून येतो. उत्तरेला चांदवडजवळ राहूड घाट सातमाळा डोंगररांग ओलांडतो. या दोन चढांच्या मधल्या सपाटीवर आपला तालुका आहे.

घाट जुनेच. वंजाऱ्यांचे तांडे लादलेले बैल घेऊन पिढ्यान् पिढ्या असे घाट उतरत. पण बैलाला पुरणारी पाऊलवाट तोफेच्या गाड्याला पुरत नाही. त्याला एकसारखा चढ, वळणावर रुंदी आणि ओढ्यावर मोरी लागते. या अभ्यासाची सुरुवात मी चाकापासून करा म्हणतो, ती यासाठी.

रस्त्याची लष्करी बाजू अशी : १८०४ मध्ये इंग्रजांच्या कर्नल वॉलेसने चांदवड घेतले. १८१८ मध्ये राजदेहेर, त्र्यंबक, मालेगाव हे किल्ले ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले. पुढे मालेगाव आणि महू या दोन्ही छावण्या मुंबईशी याच रस्त्याने जोडलेल्या राहिल्या. १८१८ च्याच सुमारास इंग्रजांनी थळ घाटाच्या दक्षिणेच्या अलंग-मदनसारख्या गडांच्या कातळपायऱ्या सुरुंगाने उडवल्या. गडाची वाट मोडणे आणि घाटाचा रस्ता बांधणे ही माझ्या मते एकाच धोरणाची दोन अंगे आहेत; आपल्याकडे मात्र पहिले दुर्गप्रेमींकडे आणि दुसरे बांधकामाच्या इतिहासाकडे राहिले. ती एकत्र वाचली पाहिजेत. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात जनरल वेडने १७२५ पासून बांधलेले रस्तेही बंडखोर टोळ्यांना आवरण्यासाठीच होते. तो इतिहास शेजारी ठेवला की आपला घाट अधिक स्पष्ट दिसतो.

१८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे धावू लागली आणि रस्त्याचे लष्करी महत्त्व ओसरले.

साधनांची वाण नाही. कॅम्पबेलने संपादिलेले १८८३ चे नाशिक गॅझेटियर घाटांची नोंद देते. पण तिथे थांबू नये. १८५७ मध्ये सिन्नर-पेठ भागात भिल्ल आणि कोळी इंग्रजांविरुद्ध उठले. भिल्लांचे पुढारी भागोजी नाईक १८५९ पर्यंत लढत राहिले. डोंगरातल्या आडवाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या, गाडीरस्ता सरकारचा. त्या आडवाटा नकाशावर आखणे, वाड्या-पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांकडून त्यांची नावे टिपून घेणे आणि मग त्या गाडीरस्त्याला कुठे छेदतात ते पाहणे, हे काम निफाडच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. त्यांना चांदवड आणि इगतपुरी दोन्ही एसटीने गाठता येतात.