उच्च रक्तदाबाचा उपचार आणि मुंबई : एक ऐतिहासिक आढावा

अंतर्गत वैद्यकातील सर्वसामान्य व्याधींमध्ये उच्च रक्तदाबाची गणना होते. मापन सोपे आणि औषधे सुलभ असूनही ही व्याधी आटोक्यात का राहत नाही, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात इतिहासाच्या आधारे केला आहे.

रिव्हा-रोची यांचे रक्तदाबमापक १८९६ मध्ये आले. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह यांनी ध्वनी ऐकून मापन करण्याची पद्धत मांडली. निदान शक्य झाले, परंतु उपचार नव्हता. वाढलेला दाब ही शरीराचीच गरज असल्याचे अनेक तज्ज्ञ मानत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब डॉक्टरांना ठाऊक होता. तरीही १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

आयुर्वेदाला परिचित असलेल्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्ता येथे १९३१ मध्ये नोंदविला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे परंपरागत ज्ञानाला मोजमापाचा आधार मिळाला. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी हे संशोधन पुढे नेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी सर्पगंधेतून रेसरपिन वेगळे केले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार लाभला.

अमेरिकेतील माजी सैनिकांवरील १९६७ व १९७० च्या प्रसिद्ध चाचण्यांत वापरलेल्या तीन औषधांपैकी रेसरपिन हे एक होते. रक्तदाब उतरविल्यास पक्षाघातासारखे धोके घटतात, हे त्यांतून सिद्ध झाले. पुढे नैराश्यासारख्या दुष्परिणामांच्या चिंतेमुळे आणि नव्या औषधांमुळे रेसरपिन मागे पडले. परंतु ज्याला काहीच त्रास जाणवत नाही, त्यालाही आजन्म औषध द्यावे, हा विचार रूढ झाला. आजची अडचण याच विचारात दडलेली आहे.

निदानाची मर्यादाही वादातीत नाही. २०१७ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी ती १३०/८० वर आणली. भारतात सामान्यतः १४०/९० ही मर्यादा पाळली जाते. त्याच वर्षी सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरावीक औषधयोजना, अखंड पुरवठा व नियमित पाठपुरावा यांवर त्याचा भर आहे.

मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतीतून रोज लोकलने मुंबई गाठणारा नोकरदार बरे वाटू लागताच गोळी बंद करतो, तेव्हा उणीव औषधाची नसते, पाठपुराव्याची असते. वकील यांच्या काळी औषध शोधणे हे आव्हान होते. आज ते रुग्णाच्या आयुष्यात टिकविणे हे आव्हान आहे.