साधने मुळात कोणाची?

बालवाडीतल्या बटणे लावायच्या चौकटी, बोट फिरवून ओळखायची अक्षरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती मुळात कोणासाठी होती, ठाऊक आहे?

१८०० च्या सुमारास जंगलात सापडलेल्या, न बोलणाऱ्या एका मुलाला पॅरिसच्या डॉ. इतार यांनी शिकवून पाहिले. त्यांचे शिष्य सेगँ यांनी, ज्यांना तेव्हा मतिमंद म्हणत अशा मुलांसाठी, हाताने आणि स्पर्शाने शिकण्याची पद्धत बसवली. तिचा अभ्यास करून मारिया माँटेसरींनी १९०० साली रोममध्ये अशाच मुलांना शिकवले. त्यांतली काही चक्क नेहमीच्या शाळेच्या परीक्षेत उतरली. लोक थक्क झाले. बाईंना मात्र प्रश्न पडला, मग धडधाकट मुले मागे का? ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले आणि ही पद्धत सर्व मुलांपर्यंत पोहोचली. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती रुजवली.

आजही एखाद्या आईला ऐकावे लागते, "असे मूल आमच्याकडे नको." त्या मुलाला जागा देणे म्हणजे उपकार नव्हे. शिदोरी त्याच्याच घरची, मग पंगतीतून त्यालाच कसे उठवायचे?