केबलचा आराखडा एकदाच काढा, पुन्हा पुन्हा वापरा : हे नेमकं कसं होतं?

समजा, एका पाणीपुरवठा केंद्रात दहा पंप आहेत. प्रत्येक पंपाच्या मोटरला पॅनेलमधून चार कोअरची केबल जाते. आराखडा दहाही वेळा जवळपास सारखाच. फरक असतो तो केबलचा क्रमांक, लांबी आणि टर्मिनल यांचा. मग तोच आराखडा दहा वेळा का काढायचा?

इलेक्ट्रिकल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये यावर उत्तर आहे. ईप्लॅन आणि सॉलिडवर्क्स इलेक्ट्रिकलमध्ये त्याला 'मॅक्रो' म्हणतात. ऑटोकॅडमध्ये 'ब्लॉक' हा शब्द जास्त चालतो. नाव कोणतंही असो, कल्पना साच्याची आहे.

कॉपी-पेस्ट आणि साचा यात फरक काय?

साध्या कॉपी-पेस्टमध्ये जुना क्रमांकही सोबत येण्याचा धोका असतो. तो बदलायचा राहिला, तर एकाच ड्रॉइंगमध्ये -W5 नावाच्या दोन केबल तयार होतात. जागेवर वायरमनला कळत नाही, यातली खरी कोणती.

साच्यात मात्र बदलणाऱ्या जागा आधीच मोकळ्या ठेवलेल्या असतात.

साचा कसा तयार करतात?

१. आधी एकच आराखडा पूर्ण काढून तपासला जातो. उदाहरणार्थ, पॅनेलच्या -X1 टर्मिनलपासून मोटर -M1 च्या U1, V1, W1 या टोकांपर्यंतची केबल आणि तिची अर्थिंगची कोअर.

२. काय कायम राहणार आणि काय बदलणार, हे वेगळं केलं जातं. कोअरची संख्या, रंग आणि जोडणीचा क्रम कायम. केबलचा क्रमांक, लांबी, टर्मिनल क्रमांक बदलणारे.

३. बदलणाऱ्या जागी ठरावीक मजकुराऐवजी मोकळं खूण-चिन्ह ठेवतात. ईप्लॅनमध्ये मोटरच्या क्षमतेनुसार केबलच्या जाडीचे पर्यायही साच्यातच भरून ठेवता येतात.

४. आराखडा लायब्ररीत समजेल अशा नावाने साठवतात. 'नवीन-फायनल-२' असं नाव सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाही. 'मोटर-४कोअर-२.५चौमिमी' हे नाव कळतं.

५. नव्या कामात साचा टाकला की क्रमांक पुढे चालवण्याचं काम सॉफ्टवेअर करू शकतं. केबलची यादीही त्याच माहितीतून निघते.

रंगांचा घोळ

साच्याचा फायदा मोठा, तशीच त्याची चूकही मोठी. साध्या ड्रॉइंगमधली चूक एका जागी राहते. साच्यातली चूक दहा कामांत जाते.

रंगांचंच उदाहरण घ्या. भारतात वर्षानुवर्षं लाल, पिवळा, निळा हे तीन फेज आणि काळा न्यूट्रल अशी पद्धत रुळलेली आहे. आंतरराष्ट्रीय आयईसी पद्धतीत तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे निळी वायर एका पद्धतीत जिवंत फेज, तर दुसरीत न्यूट्रल! परदेशी लायब्ररीतला साचा न तपासता वापरला, तर हा घोळ थेट माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

एअरबसला बसलेला फटका

एअरबस ए३८० विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग आहे. वेगवेगळ्या देशांतले अभियंते कॅटिया या एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. माहिती नीट जुळली नाही. हॅम्बुर्गहून तुलूझला आलेले वायरचे जुडगे विमानात नीट बसेनात. २००६ मध्ये कंपनीला विमान उशिरा येणार असं जाहीर करावं लागलं. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये.

आराखडा पुन्हा वापरायचा, तर तो सगळ्यांकडे सारखाच उघडला आणि वाचला गेला पाहिजे, हा त्यातला धडा.

लक्षात ठेवण्यासारखं

- लायब्ररीत बदल करण्याचा अधिकार एक-दोन जणांकडेच असावा.
- प्रत्येक साच्यावर आवृत्ती आणि तारीख लिहावी.
- मूळ साचा बदलला म्हणजे जुन्या ड्रॉइंगमध्येही आपोआप बदल झाला, असं गृहीत धरू नये. तिथे अपडेट वेगळं करावं लागू शकतं.
- साइटवर वायरमनने केलेली दुरुस्ती साच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. नाहीतर तीच चूक पुढच्या पॅनेलमध्ये पुन्हा भेटते.