शिसे, मळी आणि जुनी इंजिने

पेन्सिलीला आपण अजूनही शिसपेन्सिल म्हणतो. तिच्यात शिसे नसते, ग्राफाइट असते. पेट्रोलमध्ये मात्र शिसे खरोखरच होते आणि त्याचा उच्चार कोणी करीत नसे. ते जाऊ लागले तेव्हा कुठे पंपावर ‘अनलेडेड’ ही पाटी लागली. वस्तूला तिच्यात नसलेल्या गोष्टीवरून नाव मिळावे, याची भाषेच्या अभ्यासकाला गंमत वाटते. जुनी गाडी बाळगणाऱ्याला मात्र त्या पाटीची धास्ती होती.

डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा गुण गवसला : इंजिनात इंधन अवेळी पेटून होणारी खटखट त्याच्या अल्पशा मात्रेने थांबे. मद्यार्कातही हा गुण आहे, हे त्यांना ठाऊक होते. पण मद्यार्क बराच मिसळावा लागे, आणि त्यावर मक्तेदारी सांगता येत नव्हती. निवड शिशाची झाली. १९२४ मध्ये न्यू जर्सीत ते तयार करणारे कामगार विषबाधेने भ्रमिष्ट होऊन दगावले, तरीही ती निवड फिरली नाही.

शिशाचे दुसरे काम मात्र कोणी न सांगता होत असे. जळलेल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर बसे आणि तापलेल्या धातूला धातू चिकटू देत नसे. तो थर गेला की बिडाच्या हेडमधली सीट झिजते, व्हॉल्व्ह आत रुतत जातो, टॅपेटचे अंतर मिटते, कॉम्प्रेशन उतरते. पेट्रोलवरील जुन्या अॅम्बॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश बी-सिरीजचे. १९५५ च्या एमजीए या देखण्या स्पोर्ट्स कारमध्येही तेच घराणे. म्हणजे इंग्लंडमधल्या शौकिनाची चिंता आणि उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) अॅम्बॅसडर-मालकाची चिंता सख्ख्या बहिणी ठरल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियरच्या पद्मिनीचे हेड अॅल्युमिनियमचे. त्यात सीट वेगळी बसवावीच लागते, म्हणून तिला हा जाच कमी.

भारतात शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ रोजी चार महानगरांत आले, तेही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेल्या नव्या गाड्यांसाठी, कारण शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, हे तोवर निर्विवाद झाले होते. त्यापुढे एखाद्या सीटची झीज ती काय?

शिवाय ही झीज प्रामुख्याने दीर्घकाळ वेगाने आणि भाराखाली धावणाऱ्या इंजिनाची. आमच्या जिल्ह्यातल्या तेव्हाच्या रस्त्यांवर तो वेग गाठणे हाच पराक्रम होता! ज्याला तुळजापूरचा घाट वारंवार चढायचा, त्याने हेड उतरवून कठीण पोलादी सीट बसवून घ्यावी. इतरांनी टॅपेट तपासत राहावे, एवढ्यावर भागते.

जुन्या गाडीची आजची अडचण निराळी आहे. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल आले. २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर गेले. ते जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे पडदे खाते, पाणी ओढून घेते, टाकीला गंज चढवते. मिजलींनी बाजूला सारलेला मद्यार्क शंभर वर्षांनी असा परतला, आणि आता तो उसातून, मळीतूनही येतो. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या या जिल्ह्यातही तो ऊस उभा असतो. गाडीच्या नळ्या शे-पाचशे रुपयांत बदलता येतात. उसाला गेलेल्या पाण्याचा हिशेब मात्र पंपावरच्या दरात कुठेही धरलेला नसतो.