असोद्याचा आवाज

ग्रंथालय म्हणजे ग्रंथांचें आलय, ही फोड व्याकरणदृष्ट्या बिनचूक आहे. परंतु ज्या वाङ्मयानें कागदाचें तोंडच पाहिलें नाहीं, त्यानें राहावें कोठें? जळगांवाजवळच्या असोद्यास हा प्रश्न विशेष लागू पडतो. १८८० सालीं येथें जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. शेतांत व जात्यावर, त्यांच्या बोलींत घरोटावर, मुखांतून निघालेलीं गाणीं चिरंजीव सोपानदेव व एक आप्त यांनीं उतरून घेतलीं, आणि आचार्य अत्रे यांच्या आग्रहानें १९५२ सालीं तीं ग्रंथरूप झालीं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरांतच निवर्तल्या होत्या. शब्द वांचले, हें आपलें भाग्य. पण लेवा गणबोलींत 'डोळ्यां'चे 'डोये' होतात, तो 'य' किती हलका उच्चारावा, ओळ कोठें लांबवावी, हें वहींत कसें उतरणार? छापील गाणें पुण्यामुंबईचा वाचक आपल्याच गळ्यानें वाचतो.

वास्तविक साधनाची उणीव नव्हती. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा, म्हणजे बहिणाबाईंहून तीन वर्षांनीं वडील. कलकत्त्यास गौहरजान १९०२ सालींच तबकडीसाठीं गायिल्या. ग्रियर्सनच्या भाषापाहणींत खानदेशीस १९०७ च्या खंडांत जागा मिळाली, आणि त्या पाहणीस जोडून १९१३ पासून देशी भाषांच्या तबकड्याही निघाल्या. यंत्र होतें, जात्यापाशीं तें नेण्याची बुद्धि मात्र फार उशिरां झाली. गी प्वातवाँ, हेमा राईरकर व त्यांचे सहकारी यांनीं खेड्यापाड्यांतून जमविलेल्या ओव्या लाखावर भरल्या. त्यांतील कित्येक 'परी' या संग्रहानें २०१७ पासून मूळ गायिकांच्या आवाजांत सर्वांस खुल्या केल्या.

२००४ सालीं 'पॉडकास्ट' हें नांव मिळालेला प्रकार याच कामास योग्य आहे. मासिकाचा अंक वर्गणीदाराच्या दारीं यावा तसा नवा भाग श्रोत्याच्या मोबाईलवर आपोआप येतो. बरा मायक्रोफोन व शांत खोली एवढ्यावर तो तयार होतो. लहान वाचनालयासही हें डोईजड नाहीं. मात्र दुसऱ्यांचे भाग ऐकवून वाचनालयानें थांबूं नये. तेवढें तर मोबाईल त्याच्यावांचूनही करतो. गांवांतील वृद्ध स्त्रियांस, त्यांची संमति घेऊन, बोलतें करावें. नांव, गांव, तारीख व बोली यांची नोंद ग्रंथसूचींत घ्यावी. आणि मूळ ध्वनिमुद्रण आपल्या कपाटांतही ठेवावें, कारण भाग साठविणारी कंपनी बंद पडली कीं तिच्याबरोबर तेही जातात. शब्दांचा उतारा सोबत जरूर असावा. तो करतांना शुद्धलेखन तपासण्याची आम्हां शिक्षकांची जुनी खोड तेवढी आवरावी, आणि 'डोये' म्हटलेलें 'डोये'च राहूं द्यावें.