माधवराव सप्रे आणि आमची मुले

अभनपुरासारख्या गावी हिंदीतून शिकणाऱ्या मराठी मुलांच्या हाती धर्म व नीतिशास्त्राचा कोणता ग्रंथ द्यावा, हा प्रश्न आम्हांस नवा नाही. रायपुरात शिकलेल्या माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. माफी लिहून देऊन ते सुटले. ती सल उरी घेऊन ते रामदासी साधनेकडे वळले आणि त्यातूनच दासबोध हिंदीत आला. पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ही त्यांनीच हिंदीत उतरविले. ते आज इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळते. त्यातील युक्तिवाद हिंदीतही तितकाच पटतो. समर्थांच्या ओवीचा ठसका मात्र, आमच्या मते, मराठीखेरीज उमटत नाही. तेव्हा हिंदी दासबोधाशेजारी मूळ पोथीही उघडी असावी.